इंदुरात नवे आहात? होळकर स्टेडियमवर पहिला दिवस असा काढा

दर हिवाळ्यात एखादा तरी फोन येतोच. जळगावहून नोकरीला आलेला कुणाचा भाचा असतो, नाहीतर पुण्याहून शिकायला आलेली कुणाची मुलगी. "काका, तुम्ही जुने इंदूरकर. वनडेची दोन तिकिटं बघा ना!" माझ्याकडे तिकिटं नसतात, कधीच नव्हती. मी म्हणतो, "तिकिटं नाहीत, पण गुरुवारी सकाळी साडेनऊला ये. रणजी आहे." पलीकडचा आवाज एकदम पडतो. बहुतेकांना नेमकं त्याच दिवशी काम निघतं. जे आले त्यांच्यातले तिघं मात्र आता मला न विचारताच जातात, आणि एक जण तर ऑफिसातून मलाच फोन करून विचारतो, "काका, नवा चेंडू घेतला का?"

फोनवर जे सांगतो तेच इथे क्रमानं लिहितो. पाहुण्याला इंदूर दाखवायचं म्हणजे राजवाडा, सराफा आणि छप्पन दुकान, हे ठरलेलं आहे. ते बघाच. पण नोकरी-शिक्षणासाठी राहायला आलेल्या माणसाला गाव ओळखीचं व्हायला कुठेतरी चार तास निवांत बसावं लागतं, आणि बसण्यासाठी मला तरी होळकर स्टेडियमइतकी चांगली जागा सापडलेली नाही.

सामना कोणता, हे आधी ठरवा

आंतरराष्ट्रीय सामना इथे वर्षाकाठी एखादाच होतो, एखाद्या वर्षी तोही नाही. त्याची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल. शिवाय मैदानावर पहिल्यांदाच जाणाऱ्याला त्या गर्दीत खेळ कमी आणि पुढच्याचा झेंडा जास्त दिसतो. म्हणून पहिला सामना रणजी ट्रॉफीचा धरा: मध्य प्रदेश विरुद्ध कुणीही.

रणजीच्या साखळी सामन्याचा हिशेब असा. चार दिवस, दिवसाला ९० ओव्हर, प्रत्येक संघाला दोन डाव. सरळ जिंकलात तर ६ गुण. डावानं किंवा दहा विकेटनं जिंकलात तर ७. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त त्याला ३, दुसऱ्याला १. हे ३ आणि १ नीट लक्षात ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नऊ गडी बाद झाल्यावर शेवटची जोडी एकेक धाव काढत असते आणि ड्रेसिंग रूमच्या बाहेर अख्खा संघ उभा राहून टाळ्या वाजवत असतो, तेव्हा नवख्याला कळत नाही की एवढं काय झालं. समोरच्यांनी २८० केलेले असतात आणि यांना २८१ हवे असतात, एवढंच झालेलं असतं.

तारीख बघताना

हंगाम दोन तुकड्यांत असतो. पहिला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, दुसरा जानेवारी-फेब्रुवारीत. मधल्या काळात सय्यद मुश्ताक अली ट्वेंटी-ट्वेंटी आणि विजय हजारे एकदिवसीय स्पर्धा होतात. बीसीसीआयच्या वेबसाइटवर देशांतर्गत सामन्यांचं वेळापत्रक मिळतं. त्यात मध्य प्रदेशाचे सामने शोधा आणि मैदानाचं नाव वाचायला विसरू नका, कारण घरचा प्रत्येक सामना इथेच होईल असं नसतं.

दोन तुकड्यांतला दुसरा निवडा. ऑक्टोबरात इंदुरात दुपारी चटके बसतात. जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो, अकराला तो काढून मांडीवर येतो, आणि त्या उन्हात बसण्यासाठी क्रिकेट हे केवळ निमित्त असलं तरी चालतं.

दिवस कोणता? लोक पहिल्या दिवशी जातात. मी तिसरा सांगतो. पहिल्या दिवशी दोन्ही संघ एकमेकांना जोखत असतात. तिसऱ्या दिवशी गोष्ट मध्यावर आलेली असते, कुणाचं पारडं जड आहे ते कळलेलं असतं आणि तरी ते फिरू शकतं. सुट्टी एकच मिळत असेल तर तिसरा दिवस. दोन मिळत असतील तर तिसरा आणि चौथा, आणि का ते सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे आंध्रविरुद्ध उपांत्यपूर्व फेरी होती. आंध्राला जिंकायला १७० हवे होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचे चारच गडी बाद होते. माझ्यासारखे शहाणे लोक "झालं आता" म्हणत घरी गेले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा डाव १६५ वर संपला. मध्य प्रदेश चार धावांनी जिंकला, अनुभव अग्रवालनं सहा विकेट काढल्या, आणि मी ते मोबाइलवर वाचलं.

पोचायचं कसं

स्टेडियम रेसकोर्स रोडवर आहे, जंजीरवाला चौराह्यापासून जवळ, अभय प्रशालच्या शेजारी. रिक्षावाल्याला "होळकर स्टेडियम" एवढं पुरतं. एखादा जुना चालक "उषाराजे?" असं उलट विचारेल, तेच. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांची मुलगी उषाराजे, तिच्या नावाच्या ट्रस्टचं हे मैदान. होळकर स्टेडियम हे नाव २०१० सालचं, म्हणून आमच्या पिढीच्या तोंडात अजून दोन्ही नावं आहेत.

"नेहरू स्टेडियम" मात्र म्हणू नका. ते वेगळं, जुनं, आणि तिकडे पोचलेले नवखे मला माहीत आहेत. पूर्वी आंतरराष्ट्रीय सामने तिथे व्हायचे. २५ डिसेंबर १९९७ ला भारत-श्रीलंका वनडे तिथे तीन ओव्हरनंतर बंद करावी लागली, कारण पीच खेळण्याच्या लायकीचंच नव्हतं. गावाची मान खाली गेली होती. पन्नाशीच्या पुढच्या इंदूरकराकडे हा विषय काढायचा असेल तर आधी त्याला चहा पाजा.

रेल्वे स्टेशन आणि सरवटे बसस्थानक, दोन्हीकडून अंतर तीनेक किलोमीटर. बसस्थानकाचं नाव वाचून क्रिकेटवाल्यांना वाटतं की हे चंदू सरवट्यांच्या नावावर असेल. तसं नाही. ते वि. सी. सरवटे, संविधान सभेचे सदस्य. चंदू सरवटे वेगळे, त्यांच्याकडे पुढे येतोच. मेट्रोच्या भरवशावर निघू नका; २०२५ मध्ये सुरू झालेला तिचा पहिला टप्पा सुपर कॉरिडॉरच्या बाजूला आहे, इथून पार दुसऱ्या टोकाला. दुचाकी असेल तर उत्तम. रणजीच्या दिवशी ती लावायला जागा मिळते.

आधी पोहे

खेळ साडेनऊला सुरू होतो, म्हणजे आठ-साडेआठला पोहे. यासाठी छप्पनला जायची गरज नाही. तुम्ही राहता त्या कॉलनीच्या तोंडाशी ठेला असेल, तिथेच खा. मराठी घरातून आलेल्याला हे पोहे पहिल्यांदा परके वाटतात: कांदा वरून कच्चा, आत बडीशेप, चव जराशी गोड, आणि फोडणीच्या कढईऐवजी उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत गरम ठेवलेले. त्यावर शेव आणि जिरावन, म्हणजे इथला भुरभुरायचा मसाला. बरोबर जिलबी. आमच्या आईनं चाळीस वर्षं इंदुरात काढली तरी ती याला "बाजारचे पोहे" म्हणायची, आणि दर रविवारी मागवायची. जिरावन थोडं जास्तच मागा.

पिशवीत काय

टोपी. पाण्याची बाटली. शेंगा किंवा संत्री. स्वेटर. पायऱ्या किंवा खुर्च्या धुळीच्या असतात, तेव्हा बूड टेकायला जुना टॉवेल किंवा वर्तमानपत्र. हे वाचून हसाल, पण दुपारी आठवण काढाल. एखादं ओळखपत्र. दुर्बीण असेल तर आणा, नसेल तर खास घेऊ नका.

शेंगांची टरफलं खाली टाकायची नाहीत. २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं आल्याची या गावाला भारी शान आहे, आणि टरफल टाकणाऱ्याला पोलिसाच्या आधी शेजारचा माणूसच टोकतो. एक रिकामी पिशवी ठेवा, टरफलं तिच्यात.

गेटवर

रणजीच्या साखळी सामन्यांना बहुधा तिकीट नसतं. सगळी गेटं उघडी नसतात, एखादंच असतं, आणि ते प्रत्येक सामन्याला तेच असेल याचा भरवसा नाही. म्हणून पहिल्या बंद दरवाजावर धडका मारू नका. तिथल्या गार्डला सरळ विचारा: "भिया, आज कौन-सा गेट खुला है?" 'भिया' म्हणजे भैया. इंदुरात या एका शब्दानं निम्मी दारं उघडतात. मराठी माणसाला तो उच्चारायला आधी लाज वाटते. दोन महिन्यांत सवय होते, दोन वर्षांत पुण्यात जाऊनही तोंडातून निघतो आणि लोक वळून बघतात.

बॅग तपासतील, नाव लिहून घेतील, कधी काहीच विचारणार नाहीत. आत शिरल्यावर पायऱ्या चढून वर याल आणि समोर एकदम हिरवं दिसेल. टीव्हीवर दिसतं त्यापेक्षा मैदान लहान वाटेल. ते आहेच लहान. सीमारेषा जवळ, पीच बहुतेकदा फलंदाजांच्या बाजूचं, म्हणून इथे मारणाऱ्यांचं फावतं. ८ डिसेंबर २०११ ला सेहवागनं वेस्ट इंडिजविरुद्ध वनडेत २१९ इथेच केले. २२ डिसेंबर २०१७ ला रोहित शर्मानं श्रीलंकेविरुद्ध ट्वेंटी-ट्वेंटीत ३५ चेंडूंत शतक केलं तेही इथेच. पण लगेच मत बनवू नका. मार्च २०२३ च्या कसोटीत याच मैदानात भारताचा पहिला डाव १०९ वर आटोपला, ऑस्ट्रेलियानं तिसऱ्याच दिवशी सकाळी नऊ गडी राखून सामना संपवला, आणि पीचला नापास शेरा मिळाला. नंतर दाद मागितल्यावर तो शेरा थोडा सौम्य झाला, ते वेगळं.

बसायचं कुठे

रणजीला एखाद-दोन स्टँडच उघडे असतात, तेव्हा निवड मर्यादित. पण उघड्या भागात रांगा रिकाम्या असतात आणि दिवसभरात तीनदा जागा बदलायला कुणी हरकत घेत नाही. ही चैन आंतरराष्ट्रीय सामन्यात लाख रुपये दिले तरी मिळायची नाही. तिचा वापर करा.

पीचच्या बाजूला, म्हणजे फलंदाजाच्या काटकोनात बसलात तर वेग आणि उसळी दिसते. टीव्हीचा कॅमेरा गोलंदाजाच्या पाठीमागून बघतो, त्यामुळे चेंडू किती वेगानं आणि किती उंच जातो याचा अंदाज घरी कधी येतच नाही. बाजूनं बघितलं की चेंडू हातातून सुटतो कधी आणि कीपरच्या ग्लोव्हजमध्ये थापकन आदळतो कधी, यातला वेळ इतका थोडा असतो की मधे माणूस बॅट आणतो कसा, याचंच नवल वाटतं. पहिला तास इथे.

नंतर फिरकी सुरू झाली की शक्य तितकं गोलंदाजाच्या पाठीमागे, साइट स्क्रीनच्या बाजूला सरका. वळलेला चेंडू तिथूनच दिसतो. आणि दुपारी ऊन डोळ्यांवर आलं की उठून सावलीत. ज्येष्ठ मंडळींच्या मागोमाग जा. सावली कधी कुठे पडते हे त्यांना घड्याळापेक्षा चांगलं माहीत असतं.

बघायचं काय

इथेच नवखा गोंधळतो, म्हणून जरा सविस्तर. कॉमेंट्री नाही, रिप्ले नाही, खेळाडूंच्या पाठीवरचं नाव इतक्या लांबून धड वाचता येत नाही. चेंडूकडेच बघत राहिलात तर अर्ध्या तासात कंटाळाल. त्याऐवजी कीपरकडे बघा. तो स्टंपपासून किती मागे उभा आहे यावरून गोलंदाजाचा वेग कळतो. तो चेंडू कुठे घेतो बघा: छातीशी घेत असेल तर पीचमध्ये जान आहे, गुडघ्यापाशी वाकून घेत असेल तर फलंदाजांनी आज जेवायला लवकर यायचं कारण नाही.

मग स्लिपमधली, म्हणजे कीपरच्या शेजारी बॅटची कड लागलेला चेंडू झेलायला उभी असलेली माणसं मोजा. सकाळी तीन असतील. अकरा वाजता दोन. एक उरली की समजा, गोलंदाजी करणारा कप्तान विकेट मागायचं सोडून धावा वाचवायला लागला आहे. कुणी सांगितलं नाही तरी सामना कुठे चालला आहे हे या मोजणीवरून समजतं. फिरकी आल्यावर उलटं करा: बॅटच्या आसपास किती जण वाकून उभे आहेत ते मोजा.

आवाज ऐका. हे रणजीचं खास देणं आहे. पन्नास-शंभर माणसांच्या स्टेडियममध्ये बॅटच्या मधोमध लागलेला चेंडू आणि कडेला लागलेला चेंडू आवाजावरून ओळखता येतो. कीपर काय बोलतो तेही ऐकू येतं, मध्य प्रदेशाचा असेल तर हिंदीत, आणि त्यातलं थोडं लहान मुलांच्या कानावर न गेलेलं बरं.

ऐंशी ओव्हर झाल्या की नवा चेंडू मिळतो. त्या वेळी चहाला उठू नका.

आणि फलंदाजाच्या हातांकडे बघा. हे मी का सांगतो, तर २०२३ च्या सुरुवातीला याच मैदानात, आंध्रविरुद्धच्याच उपांत्यपूर्व फेरीत, आपल्या आवेश खानचा चेंडू आंध्राच्या हनुमा विहारीच्या डाव्या हाताला लागला आणि मनगटाचं हाड मोडलं. विहारी उजवा फलंदाज. शेवटचे गडी बाद होताना तो परत आला आणि दुखरा हात गोलंदाजाच्या समोर येऊ नये म्हणून चक्क डावखुरा उभा राहिला. दुसऱ्या डावात पुन्हा आला, तोही बहुतेक एका हातानं खेळत. सामना मध्य प्रदेशानं जिंकला, पण त्यानंतर आठवडाभर आमच्या कट्ट्यावर आपल्या संघाचं नाव कुणी काढलं नाही, सगळे विहारीच्या डाव्या स्टान्सची नक्कल करत होते.

लंच: चाळीस मिनिटांचं काय करायचं

साडेअकराला लंच. चाळीस मिनिटं. छप्पन दुकान इथून पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे, पण जाऊन, रांगेत उभं राहून, खाऊन परत येणं या वेळेत बसत नाही. पहिल्या चार ओव्हर जातात. मी दशम्या आणि लसणाची चटणी आणतो. तुम्हीही काहीतरी आणा आणि शेजाऱ्याला विचारल्याशिवाय खाऊ नका. त्यातूनच ओळख होते.

शेजारी बहुधा निवृत्त माणूस असेल. रामबाग, लोकमान्य नगर किंवा राजेंद्र नगरहून आलेला मराठी माणूस निघण्याची शक्यता चांगली आहे; त्याचं मराठी "मी बघून राहिलो" थाटाचं असेल, ते सुधारायला जाऊ नका. राहुल द्रविडचा जन्म इंदूरचा, हे तो तुम्हाला पहिल्या अर्ध्या तासात सांगेल. "हो का!" म्हणा. रजत पाटीदार, आवेश खान, व्यंकटेश अय्यर हे इथलेच, हेही सांगेल.

त्यानंतर तो होळकर संघावर येईल, आणि तिथे मात्र कान देऊन ऐका, कारण या मैदानाच्या नावामागची खरी गोष्ट ती आहे. तुकोजीराव होळकरांनी सी. के. नायडूंना १९२३ मध्ये नागपूरहून इंदुरात आणलं आणि होळकरांच्या फौजेत कप्तान केलं. नायडू पुढे कर्नल झाले, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले, आणि १९६७ मध्ये इंदुरातच वारले. ते आणि इथलेच मुश्ताक अली, ज्यांनी १९३६ मध्ये मँचेस्टरला परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय हा मान मिळवला, यांच्याभोवती यशवंतराव होळकरांच्या काळात जो संघ उभा राहिला, त्यानं १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा रणजीची अंतिम फेरी गाठली. चार वेळा ट्रॉफी जिंकली.

त्यांचं घरचं मैदान यशवंत क्लबचं, इथून जवळच. १९४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध होळकर संघानं इंदुरात ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला. एका डावात सहा जणांची शतकं. शेजारी ती सहा नावं बोटांवर मोजेल: भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर, प्रतापसिंह. यातले चार मराठी आहेत हे तो सांगणार नाही, पण तुमच्याकडे बघून क्षणभर थांबेल. यातले चंदू सरवटे म्हणजे बसस्थानकवाले नव्हेत ते. त्याच सामन्यात त्यांनी एका डावात नऊ विकेटही काढल्या, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यात, ओव्हलवर सरेविरुद्ध, शुटे बॅनर्जींबरोबर शेवटच्या विकेटसाठी २४९ धावा जोडल्या. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाचे फलंदाज, दोघांचीही शतकं. भाऊसाहेब निंबाळकरांची महाराष्ट्राकडून पुण्यात केलेली नाबाद ४४३ तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर तसं दाखवू नका.

होळकर संघ संपला, मध्य प्रदेशाचा संघ आला, आणि मग वाट बघणं सुरू झालं. १९५२-५३ नंतर ट्रॉफी इकडे आली ती थेट जून २०२२ मध्ये, तीही मुंबईला बंगळूरमध्ये सहा गडी राखून हरवून. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. १९९८-९९ मध्ये त्याच मैदानावर अंतिम सामना हरलेल्या मध्य प्रदेशाचे कप्तान तेच होते. मुंबईचा खेळाडू, मुंबईत वाढलेला, आणि त्यानंच मुंबईला हरवलं, म्हणून आमच्याकडे पंडितांचा उल्लेख घरच्या जावयासारखा होतो.

तुम्ही मुंबईचे असाल तर एक सूचना. जानेवारी २०१७ मध्ये रणजीचा अंतिम सामना याच स्टेडियमवर झाला: मुंबई विरुद्ध गुजरात. गुजरातला ३१२ हवे होते, पार्थिव पटेलनं १४३ केले, गुजरातनं पहिल्यांदा रणजी जिंकली. हा विषय कुणीतरी काढेलच. हसून सोडून द्या. अगदीच चिडवलं तर अमोल मुजुमदारचं नाव काढा: प्रथम श्रेणी क्रिकेटमधल्या पदार्पणाच्या सामन्यातली त्याची २६० ची खेळी पंचवीस वर्षं जगात सर्वांत मोठी होती. फक्त तयारी ठेवा, कारण समोरचा लगेच म्हणेल की तो विक्रम अजय रोहेरानं नाबाद २६७ करून मोडला. कुठे? डिसेंबर २०१८, होळकर स्टेडियम, इंदूर.

आंतरराष्ट्रीय सामन्याचं तिकीट मिळालंच तर

थोडक्यात सांगतो. तिकिटं ऑनलाइन निघतात आणि मिनिटांत संपतात. कुणी रस्त्यावर दुप्पट भावानं देत असेल तर ते खोटंही असू शकतं. दुचाकी लांब लावा आणि शेवटचा किलोमीटर चालत या. पॉवर बँक, बाटली, नाणी, सेल्फी स्टिक, हेल्मेट यांतलं काही आत जात नाही. माझी एक पॉवर बँक अशीच गेटवरच्या ढिगात गेली. परत येताना ढीगच नव्हता. पाणी आत विकत घ्यावं लागतं. दोन तास आधी पोचा.

लहान मुलं बरोबर असतील तर महिलांचा सामना निवडा. गर्दी तशीच असते पण ढकलाढकली कमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये महिला विश्वचषकाचे सामने इथे झाले. भारत इंग्लंडकडून चार धावांनी हरला. चारच धावा, पुन्हा याच मैदानात. आपल्या संघाचा प्रशिक्षक कोण होता, तर तोच अमोल मुजुमदार. दोन आठवड्यांनी त्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, म्हणून आता त्या रात्रीबद्दल बोलता येतं.

दिवस संपताना

खेळ साडेचारच्या सुमाराला संपतो, ओव्हर बाकी असतील तर थोडा पुढे जातो. शेवटचा अर्धा तास सोडू नका. त्या वेळी प्रकाश तिरपा येतो, खेळाडूंच्या सावल्या पीचपेक्षा लांब होतात, आणि दिवसभर खेळलेल्या फलंदाजाला फक्त उद्यापर्यंत टिकायचं असतं. गोलंदाजाला हे माहीत असतं. सगळे क्षेत्ररक्षक जवळ येतात आणि पंच घड्याळाकडे बघायला लागतात.

बाहेर पडल्यावर खेळाडूंची बस निघते त्या बाजूला दहा मिनिटं थांबलात तर रणजीचे खेळाडू हातभर अंतरावरून जातात. फोटो मागितला तर बरेच जण देतात. त्या दिवशी शून्यावर बाद झालेल्याला मागू नका.

आता छप्पनला चालत जायला हरकत नाही, घाई कशाचीच नाही. हिवाळा असेल तर गराडू मागा. तो कंद आहे, तळून वर मसाला आणि लिंबू, आणि पाऊस-उन्हाळ्यात मिळत नाही. खाता खाता धावफलक मोबाइलवर बघून घ्या: किती बाद, किती पुढे, नवा चेंडू किती ओव्हरवर. घरी जाताना शेजारच्या गृहस्थांचा नंबर घेतला नसेल तरी काही बिघडत नाही. ते उद्या साडेनऊला त्याच रांगेत असतील.